नाशिकमधल्या एका जुन्या सॅन स्टॉर्मचं इंजिन आणि गिअरबॉक्स कसं बदललं

गाडी आणि माणसं

सॅन स्टॉर्म कित्येकांनी बघितलेलीच नसेल म्हणून आधी थोडं गाडीबद्दल. गोव्याच्या सॅन मोटर्सने बनवलेली दोन सीटची छोटी स्पोर्ट्स कार, फायबरची बॉडी, छप्पर काढता येतं, पुढे रेनोचं ११४९ सीसीचं चार सिलिंडर पेट्रोल इंजिन, ताकद साधारण ६० हॉर्सपॉवर, पाच गिअर, ओढ पुढच्या चाकांना. आजच्या आकड्यांत ६० म्हणजे काहीच नाही वाटेल, पण गाडी हलकी आणि जमिनीलगत बसलेली, सकाळी लवकर त्र्यंबक रोडला छप्पर काढून निघालं की ६० पुरतात, मी शेजारी बसून बघितलंय. फार थोड्या बनल्या, त्यातल्या चालू किती राहिल्या असतील त्याचा विचार केला तर प्रत्येक गाडी वाचवण्यासारखी आहे असं माझं प्रामाणिक मत आहे, आणि हे सगळं लिहून ठेवण्याचं कारणही तेच.

मालकांना इथे काका म्हणतो. कॉलेज रोड भागात त्यांचं दुकान आहे, गाडी २००२ च्या रजिस्ट्रेशनची, त्यांनी सेकंडहँड घेतली आणि पुढे कायम सांभाळली. मिस्त्री नाशिकच्याच अंबडचे, स्वतःचं छोटं वर्कशॉप, रॅलीच्या गाड्यांवर काम केलेला माणूस (नाशिकला रॅली ऑफ महाराष्ट्र होत आलीय, त्यामुळे असे हात तयार झालेले आपल्याकडे आहेत). तिसरी काकांची पुतणी, इलेक्ट्रॉनिक्सची इंजिनिअर. माझ्याकडे नोंदी, फोटो आणि हिशेब ठेवायचं काम होतं. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत, गाडीच्या कामाचे नाही बदलले.

घाटात काय झालं

२०२२ चा उन्हाळा. काका मुंबईहून परत येत होते, कसारा घाट चढताना ट्रकच्या रांगेत अडकले, पहिल्या-दुसऱ्या गिअरवर बराच वेळ रांगत गाडी वर आली. टेम्परेचरचा काटा अर्ध्याच्या थोडा वर, म्हणून ते निवांत होते. इगतपुरीच्या आधी पिकअप गेला, सायलेन्सरमधून पांढरा धूर, मग खडखड आवाज, आणि बंद. टोचन लावून गाडी अंबडला आली.

गिअरबॉक्सचं दुखणं त्याच्या आधीपासूनच होतं. चौथ्या-पाचव्याला घोंघावल्यासारखा आवाज यायचा आणि दुसरा गिअर थंडीत कडक पडायचा. एका गॅरेजने त्यात जाड ९० नंबर ऑइल भरून दिलं होतं, त्याने आवाज थोडा दबला आणि गिअर अजून कडक झाला.

त्यात आरसीची मुदत त्याच वर्षी संपत होती. प्रायव्हेट गाडीला पहिली पंधरा वर्षं मिळतात, मग पाच-पाच वर्षांनी फॉर्म २५ भरून रिन्यूअल. पहिलं रिन्यूअल २०१७ ला झालेलं, दुसरं आता, आणि एप्रिल २०२२ पासून त्याची फी ६०० वरून ५००० झालेली. पैशापेक्षा मुद्दा हा की इन्स्पेक्शनला गाडी चालत न्यायला लागते आणि तिथे इंजिन नंबर, चेसिस नंबर ताडून बघतात. सुरुवातीला ही गोष्ट कुणीच मनावर घेतली नाही.

उघडल्यावर काय दिसलं

हेड गॅस्केट (इंजिनचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधलं सील) दोन सिलिंडरच्या मधे उडालेलं, अ‍ॅल्युमिनियमचं हेड वाकलेलं, पाणी ऑइलमधे जाऊन ऑइल ताकासारखं झालेलं. एवढंच असतं तर हेड फेसिंग करून (घासून सपाट करून), गॅस्केट टाकून गाडी उभी राहिली असती. पण ते पाणी मिसळलेलं ऑइल घेऊन इंजिन काही किलोमीटर चाललं होतं, त्यामुळे बेअरिंगा घासून क्रँकवर (पिस्टन ज्याला फिरवतात त्या मुख्य दांड्यावर) खोल ओरखडे, आणि दोन पिस्टन बोअरला चिकटून ओढले गेलेले. थोडक्यात फुल इंजिनचं काम.

गिअरबॉक्सचं कारण त्या मानाने लगेच सापडलं आणि मला ते फार शिकवून गेलं. रेनोच्या या जेबी जातीच्या गिअरबॉक्सला डाव्या बाजूच्या एक्सलचा आतला बूट (रबरी आवरण) थेट गिअरबॉक्सच्या अंगावर प्लेट लावून तीन बोल्टने बसतो, आतला जॉइंट गिअरबॉक्सच्याच ऑइलमधे फिरतो. म्हणजे तो रबरी बूट नुसता धूळ अडवायला नाहीये, तो गिअरबॉक्सचं ऑइल सील आहे. तो फाटला की ऑइल खाली. आधीच्या कुणीतरी नेहमीच्या गाडीसारखा समजून फाटलेल्या बुटात ग्रीस भरून क्लिप आवळली होती, ऑइलची लेव्हल बघितलीच नव्हती. कोरड्या चालण्याने बेअरिंगा गेल्या, घोंघावणं तेच.

समोर काय काय पर्याय होते

पहिला, आहे तेच इंजिन बांधायचं. नवे पार्ट युरोपातून मागवता येतात, कारण स्टॉर्ममधलं हेच डी७एफ इंजिन तिकडे ट्विंगो आणि क्लिओमधे लाखोंनी गेलंय, पार्ट नंबर टाकला की गॅस्केट, बेल्ट, रिंगा दिसतात. अडचण क्रँकची. मिस्त्रींच्या मते तो घासून अंडरसाइझ (मापाने बारीक) केल्याशिवाय चालणार नव्हता आणि त्या मापाच्या बेअरिंगा आम्हाला खात्रीने देणारा कुणी मिळेना.

दुसरा, बाहेरून वापरलेलं इंजिन मागवायचं. हा लवकर बाद झाला, वापरलेले पार्ट आयात करणं रिस्ट्रिक्टेड यादीत आहे, त्याला डीजीएफटीचं (केंद्राच्या परदेशी व्यापार खात्याचं) लायसन लागतं, एका माणसाने एका इंजिनासाठी त्यात पडणं झेपणारं नाही.

तिसरा इलेक्ट्रिक कन्व्हर्जन. मान्यता मिळालेलं किट त्या त्या मॉडेलसाठी असावं लागतं, स्टॉर्मसाठी कोण बनवणार. आणि काकांना मुळात ते नकोच होतं.

चौथा पर्याय सगळ्यांच्या मनात भरला, लोगनचं इंजिन. कारण समजण्यासारखं आहे. महिंद्रा-रेनो लोगन २००७ ला आली आणि ती आपल्या नाशिकच्याच प्लँटमधे बनायची, २०११ पासून तीच व्हेरिटो झाली. पेट्रोलमधे १३९० सीसी, साधारण ७५ हॉर्सपॉवर, आणि काही वर्षं १५९८ सीसी, साधारण ८४ हॉर्सपॉवर. दोन्ही रेनोचीच, साधी आठ व्हॉल्वची, दणकट. या शहरात त्या इंजिनाचा पार्ट मिळणार नाही असं होत नाही, आणि त्याच्यावर हात बसलेले मिस्त्री गल्लोगल्ली. काका म्हणाले, "आपल्या गावात बनलेल्या गाडीचं इंजिन आहे, रेनोचं काढून रेनोचंच घालतोय, यात वाईट काय?" मिस्त्री पण उत्साहात, "शेठ, सोळाशेचं टाकू, गाडी उडेल."

पाचवा पर्याय, दुसरी मेलेली स्टॉर्म शोधून तिचं इंजिन-गिअरबॉक्स घ्यायचं, हा सुरुवातीला कुणी धरलाच नाही, कारण मिळणार कुठे.

पहिला निर्णय: लोगनचं इंजिन आणलं

अंबड लिंक रोडचा भंगार बाजार २०१७ मधे महापालिकेने उठवला, तेव्हापासून नाशिकमधे असं इंजिन शोधणं म्हणजे ओळखीपाळखीवर. शेवटी मुंबईत कुर्ल्याला एका ठिकाणी मागून ठोकलेल्या लोगनचं १.४ इंजिन गिअरबॉक्ससकट मिळालं, १.६ मिळालं नाही. ४५ हजार रुपये, बिल कच्चं.

इंजिन अंबडला आल्यावर मोजमाप सुरू झालं आणि एक एक गोष्ट बाहेर येत गेली. स्टॉर्मच्या गिअरबॉक्सचं बेलहाउसिंग (इंजिनाला जोडणारं तोंड) या इंजिनाला बसत नाही, बोल्टची ठेवणच वेगळी, म्हणजे गिअरबॉक्स पण लोगनचाच वापरायचा. मग एक्सलची लांबी बदलते, चाकाकडचं टोक स्टॉर्मचं आणि आतलं टोक लोगनचं अशी जोडणी करायला लागते. एक्सल कापून जोडण्याला माझा ठाम विरोध होता, ती गोष्ट वेगात तुटली तर काय होतं ते सांगायला नको, बनवून घ्यायचा तर अख्खा नवीन बनवून घ्यावा. इंजिनची फाउंडेशनं तिन्ही नवीन वेल्ड करायची. इंजिन उंचीला जास्त, इनटेकचा भाग बॉनेटला लागत होता, म्हणजे फायबर कापून फुगवटा काढायचा.

वायरिंगचं पुतणीने बघितलं. रेनोच्या ईसीयूचा (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरचा) क्रँक सेन्सर बेलहाउसिंगवर बसतो आणि फ्लायव्हीलचे दात वाचतो, त्यामुळे इंजिन, फ्लायव्हील, ईसीयू हे एका घरचेच ठेवायला लागतात, जुनं-नवं मिसळता येत नाही. शिवाय लोगनला इमोबिलायझर (ओळखीच्या चावीशिवाय इंजिन सुरू होऊ न देणारी यंत्रणा), चावी, त्याचा बॉक्स आणि ईसीयू एकमेकांना कोडने बांधलेले, आणि कुर्ल्याहून चावी आलेलीच नव्हती. ती म्हणाली, "काका, हे सगळं होईल, अशक्य काहीच नाही, पण मग यात स्टॉर्म म्हणून बॉडीच राहील फक्त." हे वाक्य काकांना लागलं असं मला वाटतं, कारण त्यानंतर ते दोन दिवस वर्कशॉपला आलेच नाहीत.

दुसरा निर्णय: आरटीओत जाऊन विचारलं

पेठ रोडच्या आरटीओत काका आणि मी गेलो. तिथे मिळालेलं उत्तर आणि कायदा दोन्ही एकत्र सांगतो, कारण अशा कामात पडणाऱ्या प्रत्येकाला याची गरज आहे.

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. आरसीमधे जे लिहिलंय त्यापेक्षा आणि कंपनीने मुळात दिलंय त्यापेक्षा गाडी वेगळी होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मधे सुप्रीम कोर्टानेही हेच स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने मालकाला शिक्षा पण आली, प्रत्येक बदलाला ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. म्हणजे ११४९ सीसीच्या जागी १३९० सीसी घातलं की गाडी आरसीशी जुळत नाही. इंजिन दोन्ही रेनोचं आहे याला तिथे काही अर्थ नाही.

पण खराब झालेलं इंजिन बदलायला बंदी नाहीये. त्याच मेकचं, त्याच जातीचं, तेवढ्याच सीसीचं इंजिन असेल तर आधी परवानगी घ्यायची, बदलल्यावर १४ दिवसांत कळवायचं आणि आरसीवर नवीन इंजिन नंबर चढवून घ्यायचा. काउंटरवरच्या बाईंनी कागदांची यादी लिहूनच दिली: इंजिन कुठून आलं त्याचं पक्कं बिल, ते ज्या गाडीचं होतं तिचा कागद, चोरीचं नसल्याची खात्री, इन्शुरन्स, पीयूसी. कुर्ल्याच्या कच्च्या बिलावर यातलं काहीच उभं राहत नव्हतं.

बाहेर आल्यावर मिस्त्रींना फोन लावला. ते म्हणाले, "अहो असे किती स्वॅप फिरतात रोडवर, कोण बघतंय." खरंय, फिरतात. पण अपघात झाला आणि कुणाला लागलं तर इन्शुरन्स कंपनी पहिल्यांदा इंजिन नंबर बघणार, आणि त्या दिवशी मिस्त्री, मी, पुतणी कुणी जबाबदार नसणार, एकटे काका असणार. हे मी त्यांना तसंच बोललो. काकांनी लोगनचं इंजिन विकायचं ठरवलं. ते ३० हजारात गेलं.

डोनर गाडी

मग पाचव्या पर्यायाकडे आलो. जुन्या गाड्यांच्या शौकिनांत विचारत विचारत कोकणात एक स्टॉर्म सापडली, समुद्राच्या जवळ कित्येक वर्षं झाडाखाली उभी, वरचं फायबर ठीकठाक आणि खालचं लोखंड सगळं खाऊन गेलेलं. मालक वारले होते, मुलाला ती जागा मोकळी करायची होती. चेसिसची अवस्था बघता ती गाडी परत रोडवर येणं शक्य नव्हतं, हे मी मुद्दाम नोंदवतो, कारण वाचू शकणारी स्टॉर्म पार्टसाठी फोडायला मी तयार झालो नसतो.

इंजिन घेण्याआधी तिथेच तपासलं. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमधे थोडं ऑइल सोडलं, रात्रभर ठेवलं, सकाळी पुली पान्याने हाताने फिरवली, फिरली. मग बॅटरी लावून, पेट्रोल न देता सेल्फ मारून कॉम्प्रेशन घेतलं, चारही सिलिंडर जवळपास सारखे. डिपस्टिकवर ऑइल काळं पण स्वच्छ. बास, यापेक्षा जास्त खात्री झाडाखाली मिळत नाही.

व्यवहार करताना क्रम नीट पाळला. आधी वारसाच्या नावाचे कागद, मग कलम ५५ खाली त्या गाडीचं रजिस्ट्रेशन रद्द, मग पक्की विक्रीची पावती ज्यात इंजिन नंबर वेगळा लिहिलेला, एनसीआरबीच्या (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या) रेकॉर्डमधे चोरीची नोंद नसल्याचं प्रिंट, आणि या सगळ्यानंतर इंजिन उतरवलं. याला महिने गेले, काकांची चिडचिड झाली, मिस्त्रींनी दोन वेळा "टेम्पो पाठवू का" विचारलं. पण इंजिन हातात घेऊन कागद मागत फिरण्यापेक्षा हे बरं, कारण एकदा पैसे आणि माल दोन्ही हलले की समोरच्या माणसाला कागदांची घाई राहत नाही.

तिसरा निर्णय: इंजिन बसवायचं थांबवलं

इंजिन अंबडला आलं, बेल्ट, टेन्शनर, वॉटर पंप, क्रँकची सीलं, क्लच सेट असं सगळं नवीन पडलं, आणि मिस्त्री दुसऱ्या दिवशी चेनपुलीला लटकवून बसवणार होते. तेव्हा पुतणीने विचारलं की पहिलं इंजिन मेलं कशाने.

सगळ्यांचं उत्तर एकच, गरम झालं. ती म्हणाली गरम का झालं ते सांगा. रेडिएटर साफ होता, थर्मोस्टॅट उकळत्या पाण्यात टाकून बघितला तर उघडत होता, फॅन चालत होता. आणि काटा अर्ध्याच्या जरा वर होता. मग?

इथे फायबरच्या बॉडीचा मुद्दा येतो. पत्र्याच्या गाडीत अख्खी बॉडी बॅटरीच्या निगेटिव्हला जोडलेली असते, कुठलाही दिवा, मोटर जवळच्या पत्र्याला अर्थ केली (अर्थिंग, म्हणजे करंटला परतीचा रस्ता दिला) की काम होतं. फायबरमधून करंट जात नाही. त्यामुळे प्रत्येक वस्तूची अर्थची वायर चेसिसपर्यंत किंवा बॅटरीपर्यंत न्यावी लागते, आणि वीस वर्षांत ते टोक गंजलं की ती वस्तू बंद पडत नाही, अर्धवट चालते. अर्धवट चालणारी वस्तू बंद पडलेल्या वस्तूपेक्षा जास्त घात करते असं माझं मत झालंय, कारण बंद पडलेली निदान दिसते तरी.

तिने फॅन चालू करून मीटरची एक सुई बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरी फॅनच्या निगेटिव्ह वायरला लावली. दोन्हीत फरक जवळपास नसायला हवा, शून्य पॉइंट दोन व्होल्ट वगैरे ठीक. आला तीन व्होल्टच्या वर. म्हणजे फॅनला बारा-साडेबाराच्या जागी नऊ-साडेनऊ मिळत होते. तो फिरत होता, हवा मात्र पुरेशी ओढत नव्हता. रोडवर वेगात हवा समोरून येते तेव्हा फरक पडत नाही, घाटात ट्रकच्या मागे रांगताना पडतो.

मग काटा? इंजिन आणि चेसिसमधली जाड अर्थची पट्टी निम्मी तुटलेली निघाली. टेम्परेचरच्या सेन्सरला एकच वायर असते, त्याचा अर्थ इंजिनाच्या अंगातून होतो. तो रस्ता खराब असला की वाटेत रेझिस्टन्स वाढतो, आणि जास्त रेझिस्टन्स म्हणजे मीटरला वाटतं इंजिन थंड आहे. त्यामुळे फॅन कमी फिरला आणि काट्याने खरं दाखवलं नाही, दोन्ही एकाच रोगाने. काका घाटात निवांत का होते ते तेव्हा कळलं. त्यांना मग आठवलं की काही वर्षांपूर्वी सेल्फ मारला की अ‍ॅक्सिलरेटरची केबल गरम लागायची. तीही याचीच खूण होती, इंजिनला धड अर्थ नसला की सेल्फचा मोठा करंट परत जायला मिळेल तो धातूचा रस्ता धरतो, त्यात केबल येते. ती कुणी ओळखली नाही.

डोनरचं इंजिन तसंच बसवलं असतं तर पुढच्या उन्हाळ्यात तेही गेलं असतं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. आणि तिसरी स्टॉर्म काही सापडली नसती.

तिने सगळ्या अर्थच्या वायरी काढल्या, चेसिसवर दोन जागी रंग खरवडून पितळी बोल्ट लावले, इंजिनला नवीन जाड पट्टी, गिअरबॉक्सला दुसरी, फॅनला स्वतंत्र जाड वायर आणि नवीन रिले. पूर्ण सामान दोन हजारांच्या आत.

बसवाबसवी आणि गिअरबॉक्स

इंजिन बसवण्यात विशेष काही सांगण्यासारखं नाही, जे जिथून निघालं ते तिथे बसलं, हाच तर सेम इंजिनचा फायदा. बॉनेट कापलं नाही, एक्सलला हात लावला नाही.

गिअरबॉक्सवर मात्र चर्चा झाली. डोनरचा उघडला तर बेअरिंगा चांगल्या आणि दुसऱ्या गिअरचा सिंक्रो (गिअर पडताना वेग जुळवून घेणारा भाग) झिजलेला. काकांच्या गिअरबॉक्समधे उलटं, बेअरिंगा गेलेल्या आणि दुसऱ्याचा सिंक्रो त्या मानाने बरा, त्याचा कडकपणा बराचसा त्या जाड ऑइलचा होता. मिस्त्री नुसती सिंक्रोची रिंग बदलणार होते. पण रिंग आणि तिचा कोन (ती ज्यावर घासते तो गिअरचा निमुळता भाग) एकमेकांवर घासून बसलेले असतात, एकीकडची रिंग दुसरीकडच्या कोनावर लावली तर पकड येईलच असं नाही, म्हणून गिअर, रिंग आणि हब असा संच एकत्र हलवला. हे मिस्त्रींना लगेच पटलं आणि त्यांनीच मग दोन्हीकडची मापं घेऊन जुळवून दाखवलं. डावा बूट नवीन, प्लेटसकट. ऑइल ७५डब्ल्यू-८०, रेनो या गिअरबॉक्ससाठी सांगते तेच, आणि लेव्हल प्लगमधून बाहेर येईपर्यंत भरलं.

कुलंट भरताना हवा काढायचे स्क्रू उघडून, हळूहळू, वेळ घेऊन भरलं. ही पायरी घाईत सुटली तर हेडमधे हवेचा फुगा राहतो आणि आधीचं सगळं काम वाया जातं.

आज काय स्थिती आहे

गाडी चालू आहे. पहिल्यांदा गंगापूर रोडला संध्याकाळच्या ट्रॅफिकमधे मुद्दाम उभी केली, फॅन लागतोय-बंद होतोय बघितलं, मग इगतपुरीपर्यंत, आणि शेवटी काकांनी कसारा उतरून परत चढवली. काटा आता पूर्वीपेक्षा वर राहतो, काकांना त्याची धास्ती वाटली, पण इन्फ्रारेड थर्मामीटरने हेडजवळ बघितलं तर तेच तापमान बरोबर होतं, पूर्वीचा काटा चुकीचा होता. दुसरा गिअर थंडीत अलगद पडतो. पाचव्याला अगदी बारीक आवाज आहे, तो राहू दिलाय.

आरसीवर नवीन इंजिन नंबर चढला, रिन्यूअल झालं, उशिराची जास्तीची फी भरावी लागली. इन्शुरन्स कंपनीला पत्र देऊन पॉलिसीवर नंबर बदलून घेतला, हे बरेच जण विसरतात. एकूण खर्च, लोगनच्या व्यवहारातला तोटा धरून, अडीच लाखांच्या आसपास.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात आधी, आरटीओत जायला हवं होतं ते कुर्ल्याला जाण्याआधी. चर्चा फक्त कुठलं इंजिन बसेल याची झाली, कायद्याने कुठलं चालेल हा प्रश्न दीड महिना कुणी काढला नाही. त्यात १५ हजार गेले, पण वेळ गेला तो जास्त महागात पडला, कारण तेवढ्यात आरसीची मुदत उलटली.

इंजिन उघडल्याच्या दिवशीच मीटर हातात घ्यायला हवा होता. गाडी आली तशी, वायरिंगला हात न लावता, फॅनची तपासणी झाली असती तर रोग पहिल्याच आठवड्यात कळला असता. बॅटरी काढली, हार्नेस सोडवला, इंजिन उतरवलं, की पुरावा पण हलतो. आमच्या केसमधे फॅनची वायर पुढे तशीच राहिली म्हणून मोजता तरी आली, इंजिनची तुटकी पट्टी मात्र मिस्त्रींच्या पोराने काढून कोपऱ्यात टाकली होती, ती नशिबाने भंगारात गेली नव्हती.

जुना क्रँक घासायचा पर्याय आम्ही जरा लवकर सोडला असं मला अजून वाटतं. पुण्या-मुंबईत क्रँकवर काम करणारे जुने लोक आहेत, त्यांना दाखवला नाही. मिस्त्रींचं म्हणणं वेगळं आहे, त्यांच्या मते एवढे खोल ओरखडे घासून काढल्यावर क्रँकमधे जीव राहिला नसता, आणि ते या कामात माझ्यापेक्षा कितीतरी जास्त जाणतात. तरी दाखवायला हवा होता. तो क्रँक आणि जुना ब्लॉक, त्याच्यावरच्या नंबरसकट, काकांनी तेलात भिजवलेल्या कपड्यात गुंडाळून ठेवलाय, आणि आरटीओच्या परवानगीची कॉपी त्याच खोक्यात ठेवली आहे, म्हणजे पुढे कुणी इंजिन नंबर का बदलला विचारलं तर दोन्ही एका जागी मिळेल.

फाटलेल्या बुटासाठी तर वेगळं काही लागलंच नसतं. सर्व्हिसिंगला गाडी वर घेतली की डाव्या एक्सलच्या आतल्या टोकाला ओलसर दिसतंय का बघायचं आणि ऑइलची लेव्हल उघडून बघायची. काकांच्या सर्व्हिसच्या वहीत आता ही ओळ लिहिलेली आहे, त्याच्या खाली पुतणीने अर्थचं व्होल्टेज वर्षातून एकदा मोजायची ओळ टाकलीय, आणि गेल्या वेळचा आकडा ०.१ आहे.